बत्तीस गिरक्या आणि मागे उभ्या चोवीस जणी

"बाप्पा, पुऱ्या बत्तीस घेतल्या तिनं! मी मोजल्या ना."

'स्वान लेक' हा बॅले बघून उठलेल्या नागपूरकरांच्या घोळक्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. लगेच कोणीतरी हरकत घेतं की अठ्ठावीसच होत्या, शेवटी तिनं काहीतरी दुसरंच केलं. कोणाला राजपुत्र आवडलेला नसतो, "नुसता मागे उभा राहून तिची कंबर धरत होता". विदूषक असलेला प्रयोग असेल तर लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांची मतं त्याच्या पारड्यात पडतात. आणि मागच्या मुलींबद्दल एकच वाक्य: "सगळ्या कशा एकसारख्या होत्या!" तिथे विषय संपतो.

यातली एकही प्रतिक्रिया खोटी नाही. पण मला वाटतं, ज्यावर आपण सर्वांत कमी बोलतो तिथेच त्या प्रयोगाचा कस लागलेला असतो. गिरक्या मोजता येतात, म्हणून त्यांच्यावर बोलणं सोपं. गिरकी संपल्यावर ती कशी थांबली, उडी मारून उतरताना त्याच्या पायाचा आवाज झाला का, मागे सहा-सात मिनिटं उभ्या असलेल्या चोवीस जणींपैकी एकीची तरी मान कलली का, हे मोजता येत नाही. ते बघावं लागतं. आणि त्यासाठी लागणारी नजर नागपूरच्या प्रेक्षकाकडे आधीपासून आहे, फक्त ती थोडी वळवायची आहे.

आधी शब्दाचा एक घोळ. आपल्याकडे 'बॅले' म्हटलं की जुन्या रसिकांना नृत्यनाट्य आठवतं. उदय शंकर यांनी आणि पुढे शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपनं जे उभं केलं, त्याला आपण बॅलेच म्हणत आलो. त्यात कथा आधी येते आणि पावलांची शैली कथेच्या सोयीनं घडते. अभिजात बॅलेत उलट आहे. पावलांचं व्याकरण आधीपासून ठरलेलं असतं आणि कथा त्या व्याकरणातून सांगायची असते. आज जगभर दिसणारं 'स्वान लेक' बहुतांशी १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या प्रयोगावर बेतलेलं आहे. चायकोव्हस्कीच्या संगीतावर मॉस्कोत १८७७ मध्ये झालेला पहिला प्रयोग वेगळा होता. १८९५ मध्ये मारियुस पेतिपा आणि लेव्ह इवानोव्ह यांनी ते नव्यानं बसवलं. दरबाराचे प्रवेश पेतिपाचे, तळ्याकाठचे इवानोव्हचे. तोवर चायकोव्हस्की जाऊन सव्वा वर्ष होत आलं होतं.

तर त्या बत्तीस गिरक्या. त्यांना फुएते म्हणतात. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीनं त्या १८९५ च्या प्रयोगात घेतल्या आणि तिसऱ्या अंकात त्या कायमच्या बसल्या. कथक बघणाऱ्याला वाटतं, यात काय, आपल्याकडे पोरी शंभर चक्कर घेतात. तुलना करायचीच तर नीट करू. कथकचा चक्कर साधारणपणे टाचेवर फिरतो, वजन जमिनीत जातं आणि शेवटी पाय समेवर आपटतो तेव्हा घुंगरू त्याची साक्ष देतात. फुएतेमध्ये उभा पाय चवड्याच्याही पुढे, बोटांच्या टोकावर असतो. एक गिरकी झाली की टाच खाली येते, गुडघा वाकतो, दुसरा पाय बाजूला उघडतो, चाबकासारखा आत ओढला जातो आणि त्या जोरावर शरीर पुन्हा टोकावर चढून फिरतं. म्हणजे बत्तीस गिरक्या म्हणजे एकाच पायावर बत्तीस वेळा खाली आणि बत्तीस वेळा वर. हे सगळं पाऊण मिनिटाच्या आसपास. डोकं मात्र दोन्हीकडे सारखंच चालतं: सगळ्यांत शेवटी निघतं, सगळ्यांत आधी परत येतं, आणि नजर समोरच्या एका बिंदूवर खिळलेली असते. कथक शिकलेली कोणतीही मुलगी हे ओळखेल.

मोजण्यापेक्षा तिच्या उभ्या पायाखालची जागा बघा. सुरुवात रंगमंचाच्या मध्यावर झाली आणि विसाव्या गिरकीपर्यंत ती पुढच्या दिव्यांजवळ आली, तर प्रत्येक वेळी गुडघा वाकताना वजन टाचेवरून थोडं पुढे सांडतंय. एकदा दोन बोटं सरकलं तर कळतही नाही, बत्तीस वेळा सरकलं की अख्खा रंगमंच ओलांडला जातो. दुसरी खूण उघडणाऱ्या पायाची उंची. पहिल्या आठ गिरक्यांत पाय कमरेच्या रेषेत जातो आणि शेवटच्या आठात मांडीच्या खाली लटकतो, असं झालं की समजायचं, आता ती खांद्यांच्या ओढीवर फिरतेय. खांदे कानांकडे चढतात, मान आखूड दिसते, चेहऱ्यावरचं हसू थिजतं. काही जणी मधे मधे दुहेरी गिरकी पेरतात. ते ऐटीचं दिसतं, पण दुहेरी गिरकीनंतर पुढची एकेरी संगीताच्या मागे पडली तर त्या ऐटीची किंमत वसूल झालीच. समोर वाद्यवृंद असेल तर संचालक तिच्या पायाकडे बघून लय सांभाळून घेतो. ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणाऱ्या फिरत्या मंडळ्यांत ही सोय नसते. तिथे ती चुकली की चुकलीच.

आणि कोणी अठ्ठावीसवर थांबून उरलेली मोकळी सुरावट रंगमंचभर फिरत्या पावलांनी भरली, तर ती हरली असं नाही. माया प्लिसेत्स्काया ही विसाव्या शतकातली फार मोठी नर्तकी, तिनं या बत्तीस फुएतेंऐवजी रंगमंचाला वेढा घालणाऱ्या गिरक्या घेतल्या, आणि तिच्या ओडिलला कोणी कमी लेखलं नाही. कारण या गिरक्या ओडिलच्या आहेत. ती जादूगार रॉथबार्टची मुलगी, राजपुत्राला फसवायला आलेली. गिरक्या म्हणजे तिचा जिंकल्याचा जल्लोष. शेवटच्या पवित्र्यात तिची नजर राजपुत्राकडे गेली तर त्या कथेतल्या आहेत. फक्त प्रेक्षकांकडे गेली तर बत्तीसच्या बत्तीस पुऱ्या होऊनही त्या सर्कशीतल्या.

ओडेट, म्हणजे जादूनं हंस झालेली नायिका, आणि तिचं रूप घेऊन आलेली ओडिल या दोन्ही भूमिका एकीनंच करायच्या असतात, हे पहिल्यांदा बघणाऱ्याच्या कधी कधी लक्षातच येत नाही. लक्षात आलं नाही तर ते नर्तकीचं यश समजायला हरकत नाही. फरक पोशाखाच्या रंगात दिसतोच, पण खरा फरक हातांत असतो. ओडेटचे हात म्हणजे पंख. ते पाठीतून, खांद्याच्या पात्यापासून निघायला हवेत: आधी पाठ, मग कोपर, मग मनगट, आणि बोटं सर्वांत शेवटी, जणू पाण्यातून ओढली जातायत. सर्रास होणारी चूक म्हणजे नुसतं मनगट हलवणं. मग तो पंख राहत नाही, निरोपाचा हात होतो. ओडिल हेच हात मुद्दाम वापरते. तिसऱ्या अंकात राजपुत्राला शंका येते तेव्हा ती क्षणभर ओडेटसारखा पंख फडकवते आणि तो विरघळतो. इथे तिच्या चेहऱ्याकडे बघा. राजपुत्र बघत असतो तोवर पापण्या खाली. त्याची पाठ फिरली की डोळे थेट रॉथबार्टकडे, पुढे काय करू हे विचारायला. जिला हे जमलं तिनं गिरक्या सुरू व्हायच्या आधीच अंक खिशात घातलेला असतो.

दुसऱ्या अंकातलं संथ युगुलनृत्य हा या बॅलेचा गाभा. एकल व्हायोलिन वाजतं आणि पुढे त्याला सेलो, म्हणजे व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ, येऊन मिळतो. चायकोव्हस्कीनं हे संगीत स्वतःच नष्ट केलेल्या आपल्या जुन्या 'उंदिना' या ऑपेरातल्या प्रेमगीतावरून घेतलं. तिथे जे एक बाई आणि एक पुरुष गात होते, तेच इथे दोन वाद्यांत बोलतात. एवढं माहीत असलं की नाच वेगळा दिसू लागतो: व्हायोलिन तिचं, सेलो त्याचा. हल्ली अनेक प्रयोगांत हा भाग फार म्हणजे फार सावकाश घेतात. पाय कानापर्यंत नेऊन तिथे धरून ठेवायला वेळ मिळावा म्हणून लय ताणतात, आणि मग सुरावटीचा धागा तुटतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या नागपूरकराला हे समजावून सांगायला नको. विलंबितातही आतून लय चालू लागते. ती बंद पडली की नुसतं थांबणं उरतं. याच नृत्याच्या अगदी शेवटी एक बारीक जागा आहे. ती एका पायाच्या टोकावर उभी, तो कंबर धरून मागे, आणि तिचा दुसरा पाय घोट्याशी भराभर थरथरतो, पाखराच्या छातीसारखा. हा थरथराट संगीतातल्या कंपनाशी जुळतो. सभागृहात मागच्या रांगांतून तो दिसेलच असं नाही, पडद्यावर कॅमेरा नेमका त्या क्षणी चेहऱ्यावर असतो. सापडला तर सोडू नका.

राजपुत्र 'नुसता उभा' असतो तेव्हा तो काय करत असतो, तेही सांगितलं पाहिजे. टोकावर उभ्या असलेल्या नर्तकीचा तोल ज्या सरळ रेषेत असतो ती रेषा शोधून तिला तिथे ठेवणं, हे त्याचं काम. तिला धरून तो सावकाश तिच्याभोवती चालतो आणि ती एका पायाच्या टोकावर पुतळ्यासारखी फिरते. त्यानं अर्धं पाऊल जवळ टाकलं तर ती मागे कलते, लांब टाकलं तर त्याच्याकडे झुकते. आधी चूक दिसते ती तिच्या घोट्यात, बारीक डळमळ म्हणून, आणि प्रेक्षक म्हणतो, "ती हलली." हललेला बहुधा तो असतो. १८९५ च्या प्रयोगातले राजपुत्र पावेल गेर्द्त पन्नाशीचे होते. म्हणून या युगुलनृत्यात राजपुत्राचा मित्र बेन्नोही तिला सावरायला ठेवला होता, म्हणजे युगुलात तिघे. आज ते सगळं काम एकट्याचं.

त्याच्या स्वतःच्या नाचात उंचीपेक्षा उतरणं बघावं. हवेत दोन फेऱ्या मारून दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत, टाच या पायाची आणि बोटं त्या पायाची अशी जुळवून खाली यायचं असतं. पाय सुटे पडले, एक छोटी उडी घेऊन तोल सावरला, की हिशेब चुकला. आणि आवाज. कथकमध्ये पायाचा आवाज म्हणजे बोल, तो स्वच्छ यायलाच हवा. बॅलेत उतरताना धप्प वाजलं तर तो दोष. आधी बोटं, मग चवडा, मग टाच, मग गुडघा वाकतो, अशा क्रमानं वजन जिरवायचं असतं. डोळे मिटून एखादी उडी ऐकून बघा, बरंच कळतं.

बायकांच्या बुटांची गोष्ट याला जोडूनच येते. बुटाच्या टोकाला कापडाचे आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून घट्ट कप्पा केलेला असतो, तळव्याखाली एक ताठ पट्टी आणि वरून सॅटिन. लोखंड किंवा लाकूड आत नसतं, तशी समजूत मात्र खूप आहे. नवा बूट खटखट वाजतो, म्हणून नर्तकी तो हातानं वाकवतात, भिंतीवर किंवा जिन्यावर आपटतात, हातोडीनं ठोकून मऊ करतात. घामानं खळ विरघळत जाते, टोक पोचट होतं आणि बूट 'मरतो'. मुख्य भूमिकेतली नर्तकी एका प्रयोगात दोन-तीन जोड सहज बदलते. तळ्याकाठच्या अंकाला मऊ, आवाज न करणारा, आणि फुएतेच्या अंकाला कडक, पायाला आधार देणारा.

आता ती खूण, जी हुकली तर कथाच हुकते. बॅलेत मूकाभिनयाची ठरलेली भाषा आहे, आपल्या हस्तमुद्रांसारखी. चेहऱ्याभोवती हात फिरवला की 'सुंदर', अंगठीच्या बोटाकडे बोट दाखवलं की 'लग्न', डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की 'नाच', मुठी समोर फुलीसारख्या धरल्या की 'मरण', आणि उजवा हात उंच करून दोन बोटं ताठ केली की 'शपथ'. इंग्लंडकडच्या प्रयोगांत ओडेट दुसऱ्या अंकात राजपुत्राला या भाषेत सगळं सांगते: हे तळं माझ्या आईच्या आसवांचं, एका दुष्टानं मला हंस केलं, कोणी माझ्यावर प्रेम करून शपथ वाहिली तरच मी सुटेन. रशियन परंपरेत हा भाग बहुधा गाळून त्या जागी नाच घालतात. पण तिसऱ्या अंकात रॉथबार्ट विचारतो, "हिच्याशी लग्न करशील? शपथ घे." राजपुत्र ओडिलकडे बघत हात वर करतो, दोन बोटं ताठ. सगळा घात त्या दोन बोटांत आहे. गिरक्या ओसरल्यावर प्रेक्षक पाण्याची बाटली शोधत असतात, त्याच सुमाराला. भरतनाट्यमचा अभिनय ओळखणाऱ्यांनी तरी हा क्षण चुकवू नये.

त्याच अंकातली हंगेरियन, स्पॅनिश, नेपल्सची आणि पोलिश मझुर्का ही नृत्यं रंगीत आणि सोपी असतात, टाचेच्या बुटांत केली जातात, आपल्याकडे आवडतात. विदूषक हा रशियात नंतर घातलेला. त्याच्या गिरक्यांना मिळणारी टाळी योग्यच आहे, पण संध्याकाळची सगळ्यांत मोठी टाळी त्याला मिळाली तर राजपुत्रानं विचार करावा.

चार छोट्या हंसिणी सगळ्यांना आठवतात. 'बसून' या खर्जातल्या फुंकवाद्यावर ठेका, वर ओबो हे दुसरं फुंकवाद्य, जेमतेम दीड मिनिट. चौघी हात समोर फुलीसारखे गुंफून एकमेकींचे पंजे धरतात आणि जवळजवळ शेवटपर्यंत सोडत नाहीत. गंमत वाटते, पण त्या गुंफणीनं त्यांचा तोल सांभाळायचा मुख्य मार्गच बंद केलेला असतो. हात बांधले की तोल पाठीनं धरायचा. एखादी अर्धा क्षण उशिरा उडाली तर तिचं ओझं शेजारणीच्या मनगटावर येतं आणि धक्का चौथीपर्यंत जातो. म्हणून उंचीनं जुळणाऱ्या चौघी निवडतात. सोळा वेळा तीच मांजरउडी बाजूला सरकत घेतात. पाय बहुधा जुळतात, कारण तालमीत सगळं लक्ष पायांवर असतं. बघायच्या त्या माना. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही हनुवट्या एका क्षणी वळतात का? एक मान पाव मात्रा मागे राहिली तरी चित्र फाटतं.

आणि मग मागच्या चोवीस. मंडळी लहान असली तर अठरा किंवा सोळा. तळ्याकाठी त्या एकामागून एक येतात, एका पायावर हलकी उडी, दुसरा मागे ताणलेला, दोन-तीन पावलं, पुन्हा तेच, आणि नागमोडी रांगा रंगमंच भरत जातात. जी सगळ्यांत आधी आत येते तिला ते पाऊल सगळ्यांत जास्त वेळा करावं लागतं, आणि शेवटची येते तोवर पहिलीच्या पोटरीत गोळा आलेला असतो. तरी हे बरं, कारण यात हालचाल आहे. युगुलनृत्य सुरू झालं की त्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभ्या राहतात. एक पाय मागे टोकावर टेकलेला, सगळं वजन पुढच्या पायावर, मनगटं समोर एकावर एक, मान किंचित कललेली. नुकतीच धाप लागलेली असते, पण छाती वरखाली होताना दिसायला नको. घाम डोळ्यात उतरतो, पुसता येत नाही. पाय बधिर होतो, बदलता येत नाही. आणि इतक्या थंड पडलेल्या पायांनी सहा-सात मिनिटांनी पुन्हा एकदम उड्या घ्यायच्या असतात. रांगेतली प्रत्येकजण सरळ बघत असते, पण डोळ्याच्या कडेनं पुढचीचा खांदा आणि शेजारणीचं कोपर धरून ठेवते. कोपर दोन बोटं वर गेलं तर ते तिला स्वतःला दिसत नाही, बाल्कनीतल्या माणसाला लगेच दिसतं.

म्हणून 'स्वान लेक' खरं तर बाल्कनीतून बघावं. पहिल्या रांगेतून घोटे आणि चेहरे दिसतात, वरून आकृत्या. एरवी पुढच्या खुर्च्यांसाठी धडपडणाऱ्यांनी इथे वरची तिकिटं काढावीत, स्वस्तही पडतात. नागपुरात पूर्ण अभिजात बॅले रंगमंचावर येणं विरळाच. त्याला लवचीक लाकडी जमीन आणि वर ताणलेलं विनाइल लागतं, बाजूला चोवीस जणी टुटू, म्हणजे जाळीचे ताठ घागरे, न चुरगळता उभ्या राहतील एवढे विंग लागतात, आणि नाटकासाठी बांधलेल्या रंगमंचावर फळीची फट किंवा वर आलेलं खिळ्याचं डोकं बुटाच्या टोकाखाली आलं तर घोटा गेलाच. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचा बॅले पडद्यावरचा, नाहीतर रात्रीच्या दुरांतोनं मुंबई गाठून बघितलेला. पडद्यावर कॅमेरा आपल्या वतीनं निवड करतो आणि तो नेहमी मुख्य जोडीला निवडतो. मोकळी चौकट आली, सगळा रंगमंच एकदम दिसला, की त्या आठ-दहा सेकंदांत जोडीकडे बघू नका. कडेच्या रांगांकडे बघा. एखादी पापणीही हलताना सापडणार नाही.

पडदा पडतो, पुन्हा उघडतो. ओडेट खाली झुकून नमस्कार करते तोही पंखांचे हात करून. टाळ्या तिला, मग राजपुत्राला, मग रॉथबार्टला. चोवीस जणी रांगांत तशाच, मनगटावर मनगट, मान कललेली, टाळ्या थांबेपर्यंत. पडदा शेवटचा टेकला की पलीकडे आधी पोटऱ्या झटकल्या जातात.